तोंड ओलं राहिलं पाहिजे

आमच्या घरात तब्येत एकट्या दादाला होती, बाकीच्यांना नुसतं शरीर होतं. लोणी कढवलं की पहिलं बोटभर तूप दादाच्या ओठांना. दूध आलं तर दादाला. दही त्याच्या घशाला चालत नाही म्हणून माय विरजणच लावायची नाही, आणि मला दही फार आवडायचं. त्यामुळे लहानपणी माझा दादावर कायमचा राग होता. तो माझ्याहून बराच मोठा. वडील मिलमध्ये होते, ते लवकर गेले आणि घर दादाच्या दमावर उभं राहिलं. दम म्हणजे अक्षरशः दम. दादा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचा.

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारातून आत वळलं की आमची वस्ती. छप्पन साली वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या लग्नांतून भटजी गेला, पण बँड काही गेला नाही. लग्न लागायचं साधेपणानं, वंदना घेऊन. वरात मात्र वाजतगाजतच यायला हवी. दादाच्या बँडला सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची बोलावणी असत, आणि क्लॅरिओनेटवाला तोच पाहिजे, असं लोक मालकाला बजावून जात.

बँडवाले म्हणजे पिणारे, असं लोक धरूनच चालतात. ते अगदी खोटंही नव्हतं. दिवसभर उन्हात दुसऱ्यांच्या आनंदात वाजवायचं, मग कुणी बाटली पुढे केली की नाही कोण म्हणणार? दादा म्हणायचा. तो थेंबाला शिवला नाही. विडी नाही, आणि चहासुद्धा कोमट करून. सकाळी उठून मैदानावर चालून यायचा, आल्यावर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग भिंतीला पाठ टेकून दम कोंडून बसायचा. डोळे मिटलेले, छाती भरलेली. मी मुद्दाम समोर जाऊन वेडंवाकडं तोंड करायची, पण तो हसायचा नाही. वरातीच्या दिवशी तळलेलं खायचं नाही, वाजवून झाल्यावर लगेच थंड पाणी प्यायचं नाही, आणि बर्फाचा गोळा तर आमच्या घरात पापासारखा. बँडमध्ये नवीन पोरं शिकायला येत, त्यांनाही तो हेच सांगायचा. "वाद्य दुकानात भेटते गा. तोंड नाई भेटत. त्याले सांभाळा."

माय शेजारणींना ऐकवायची, "माहा पोरगा बँडात आहे, पण निर्व्यसनी आहे वं." शेजारणींचे नवरे कसे होते ते माहीत असल्यामुळे ती हे जरा मोठ्यानंच म्हणायची.

आता तोंडाचं सांगते. क्लॅरिओनेटच्या टोकाला वेताची पातळ पत्ती बांधलेली असते. ती थुंकीनं भिजलेली असली तरच सूर सरळ निघतो, म्हणून वाजवणाऱ्याचं तोंड ओलं राहिलं पाहिजे. आणि लग्नं कधी? एप्रिल-मे महिन्यांत. ज्यानं नागपूरचा मे काढला नाही त्याला ते सांगून कळणार नाही. भर दुपारची वरात, पायाखाली डांबर मऊ झालेलं, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाड लाल कोट, आणि वरातीतली पोरं म्हणणार, पुन्हा तेच गाणं वाजवा. जीभ टाळूला चिकटायची. पाणी प्यायलं तरी दोन पावलांत तोंड पुन्हा कोरडं. बँडमधल्या एका म्हाताऱ्या वादकानं दादाला यावर उपाय सांगितला. सुपारीची खांडं, त्यात तंबाखू आणि चुना, हे सगळं गालात धरून ठेवायचं. लाळ सुटत राहते. लाळ आहे तोवर पत्ती ओली.

उपाय लागू पडला. तोच पुढे पानठेल्यांवर प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून तयार मिळायला लागला आणि लोक त्याला खर्रा म्हणू लागले. आज नागपुरात खर्रा कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पण तेव्हा आमच्या घरात त्याला कुणीही व्यसन म्हटलं नाही. दादाच्या पेटीत वेताच्या पत्त्यांची डबी, वाद्य पुसायचं फडकं आणि खर्र्याची पुडी शेजारी शेजारी असायची. ओठाला तूप, घशाला गुळणी, तोंडाला खर्रा. त्याच्या पथ्यांतलंच ते एक पथ्य. वरातीला निघताना माय स्वतः आठवण करायची, "तोंडाचं घेतलं न गा?"

काही वर्षांनी एक नवल झालं. फुंकताना माणसाचे गाल फुगतात, आणि गाल फुगले की सूर डुगडुगतो. नवी पोरं तर वाजवताना बेडकासारखी दिसतात. दादाचे गाल हळूहळू फुगायचेच थांबले. कितीही लांब सूर धरला तरी चेहरा फोटोतल्यासारखा. बँडचा म्हातारा मास्तर शिकणाऱ्या पोरांना त्याच्यासमोर उभं करायचा आणि म्हणायचा, "गाल पाहा याचा. दगड आहे, दगड. असं वाजवा लागते." दादा लाजून पत्ती चाटत बसायचा. मी तोवर शाळेत शिकवायला लागले होते. लग्न केलं नव्हतं, दादाच्याच घरी राहत होते. शाळेतल्या दोघी मैत्रिणींना मी मुद्दाम एक वरात दाखवायला नेलं आणि गर्दीत कोपरं मारून सांगितलं, तो पाहा, तो आमचा. तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, पण आम्ही त्याच्या आजाराला टाळ्या वाजवत होतो.

आजाराची पहिली शिक्षा मिळाली ती वहिनीला. दादाला भाजी झोंबायला लागली. वहिनी भंडाऱ्याकडच्या खेड्यातली, तिचा हात तिखटच, आणि लग्न झाल्यापासून दादा ते बोटं चाटून खात आला होता. आता पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी. मायनं लगेच निकाल दिला की सून मिरची ओतते. वहिनीनं मिरची निम्मी केली, मग नावापुरती, मग तीही नाही. आम्ही सगळे फिकं खाऊ लागलो. वहिनी बिचारी स्वतःपुरता ठेचा वाटायची आणि चुलीमागे बसून खायची, जणू चोरीच करते आहे. एवढं करूनही दादा पाणी पीत पीतच जेवायचा. दोष मिरचीत नाही हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

मग एका रविवारी पुतणीनं गुपचुप खायचा हट्ट धरला. पुतणी म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी, आणि गुपचुप म्हणजे मुंबई-पुण्याकडची पाणीपुरी. आम्ही सगळे ठेल्यावर गेलो. ठेलेवाल्यानं दादाच्या हातात पुरी दिली, त्यानं ती तोंडाशी नेली, थांबला, आणि बोटांनी तिचे तुकडे करायला लागला. सगळं पाणी सदऱ्यावर.

"भाऊ, गुपचुप असं खातेत का?" ठेलेवाला हसला. पुतणी हसली, दादाही हसला. मला राग आला, कारण सदरा पांढरा होता.

"तोंड उघडून खा न दादा. लहान आहे का तू?"

"उघडलं न वं."

"पुरं उघड."

"पुरंच आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच पुरं तोंड उघडून उभा होता. त्या फटीतून त्याचे खालचे दातसुद्धा नीट दिसत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मी शाळेला दांडी मारली आणि त्याला धंतोलीला घेऊन गेले. तिथल्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर नेहमीसारखी खेड्यापाड्यांतून आलेली माणसं डबे उघडून बसली होती. त्यांच्या डब्यांतल्या भाकरी दादा टक लावून पाहत होता. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घाला." निरोगी माणसाची जातात. मी शेजारी बसल्या बसल्या माझी घालून पाहिली, गेली. दादाची दोनसुद्धा अडली. डॉक्टरांनी विजेरी लावून गालाच्या आत पाहिलं आणि मलाही बोलावून दाखवलं. आतला गाल पांढुरका पडला होता आणि चपलेच्या चामड्यासारखा ताणलेला होता.

"हे सुपारीनं होतं," डॉक्टर म्हणाले. "गाल आतून आवळत जातो. जेवढा आवळला तेवढा आता सुटायचा नाही. पण आज खर्रा सोडलात तर निदान इथं थांबेल. नाही सोडलात तर पुढे कॅन्सरची भीती आहे. मी घाबरवायला सांगत नाही."

दादानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फुंकता येईल न साहेब?"

"अहो, मी तुमच्या जेवणाचं बोलतोय."

"जेवून घेऊ कसंबी," दादा म्हणाला.

रिक्षात मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण दादानं खर्रा सोडला, हे मला सांगितलंच पाहिजे. पावसाळा होता, वराती बंद होत्या. त्यानं पुड्या स्वतः नालीत टाकल्या. चार-आठ दिवस घरात कुणी त्याच्या वाऱ्याला उभं राहू नये असा चिडका झाला होता, मग निवळला. वहिनी त्याला बडीशेप द्यायची, लवंग द्यायची, ज्येष्ठमधाची काडी द्यायची. तो डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे आरशासमोर बसून तोंड उघडायचा व्यायाम करायचा आणि आम्हाला विचारायचा, "वाढलं का थोडं?" आम्ही म्हणायचो, वाढलं. वाढलं नव्हतं, पण कमीही झालं नव्हतं. त्या वर्षीचा पाऊस माझ्या आठवणीत फार सुखाचा आहे.

दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली आणि पहिल्याच वरातीत पत्ती कोरडी पडली. वर्षानुवर्षं खर्र्यानं लाळ सुटायची सवय झालेली, खर्रा नाही म्हटल्यावर तोंडानं थंडीतसुद्धा असहकार पुकारला. त्यात गाल असे आखडलेले. क्लॅरिओनेट चिरकलं. दादानं पत्ती बदलली, तरी चिरकलं. वरातीतली पोरं "पिपाणी! पिपाणी!" ओरडत नाचायला लागली. मालक वाईट माणूस नव्हता. त्यानं फक्त पुढच्या गाण्याला ट्रंपेटवाल्याला पुढे केलं आणि दादाला मागच्या रांगेत जायची खूण केली. हे मला बँडमधल्या लोकांकडून नंतर कळलं. दादा घरी आला तेव्हा एवढंच म्हणाला, "आपल्याले नाई जमत हे." दुसऱ्या दिवशी पुडी पेटीत होती.

मी भांडले. घसा फुटेस्तोवर भांडले. "मरशीन न दादा! काहून असा करून राह्यला?"

"तुले डाक्टरनं सांगितलं, बोलणं बंद कर नाई तं मरशीन, तं तू शाळा सोडशीन का?"

"सोडीन!"

"नाई सोडत तू. तुले बोलल्याबिगर राहवतेच कुठी?" तो म्हणाला, आणि वहिनीला हसू आलं, मग मलाही. भांडण तिथंच मोडलं. भांडण असं हसण्यावारी नेण्यात आमचं सगळं घर पटाईत होतं, आणि त्या दिवशी आम्हाला ते भोवलं.

पुढची वर्षं फार वाईट गेली. भाकर दुधात कुस्करून, मग भाताची पेज गाळून, मग नुसतं वरणाचं पाणी. चमचा आडवा जाईना, उभा जाईना. क्लॅरिओनेटचं टोक मात्र चपटं असतं, बदकाच्या चोचीसारखं. ते जायचं. दादाच्या तोंडात घास जात नव्हता आणि वाद्य जात होतं, आणि तो तेवढ्यावर समाधानी होता. लग्नघरी बँडवाल्यांची पंगत बसली की यजमान आग्रह करायचे, बुंदी घ्या, पुरी घ्या. तो पोट बिघडल्याचं सांगून बाजूला बसायचा. घरी आला की वहिनी वाटीतलं पाणी घोटाघोटानं पाजायची. एवढ्या मोठ्या गड्याचं मनगट माझ्या मनगटाएवढं झालं होतं. लोक म्हणायचे, काय वाजवतो! मला त्या लोकांचा तिटकारा यायचा.

मग गालात आत जखम झाली आणि ती भरेना. पुढचं सगळं डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. मोठ्या दवाखान्यात एका बाजूचा गाल आणि जबड्याचा तुकडा काढला, नंतर किरणांचा शेक दिला. दादा वाचला. पण ओठ मिटेनात, तोंडात हवा ठरेना. माय तोवर गेली होती; तो काय बोलतो ते वहिनीला आणि मला कळायचं, बाकीच्यांना नुसता आवाज ऐकू यायचा. बँडच्या मालकानं त्याच्या जागी त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या एका वादकाला उभं केलं. हा मुलगा दवाखान्यात आला होता. दादाच्या पायाशी बसून ढसाढसा रडला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पुतणीचं लग्न झालं. नवरा मुलगा हिंगण्याच्या कारखान्यात होता, माणसं चांगली होती. त्यांनी वरातीला दादाचाच बँड सांगितला, तोही मानानं, मुलीच्या बापाचा बँड म्हणून. आम्ही मांडवाच्या तोंडाशी वरातीची वाट पाहत उभे होतो. दादानं तोंडावर पांढरा दुपट्टा गुंडाळला होता. उन्हामुळे निम्म्या लोकांनी तसाच गुंडाळला होता, त्यामुळे त्याच्याकडे कुणी वळून पाहत नव्हतं, आणि मला वाटतं, त्यालाही त्या दिवशी जरा मोकळं वाटत होतं.

वरात आली. सगळ्यांत पुढे त्याचा तो शिष्य, लाल कोट, सोनेरी पट्टे, एक गाल टम्म फुगलेला. त्यानं वाजवणं थांबवलं, पुढे झाला आणि दादाच्या पाया पडला. दादानं त्याला उठवलं. मग एका हातानं स्वतःच्या तोंडावरचा दुपट्टा खाली ओढला, सगळ्या वरातीसमोर, आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या मुलाच्या गालात घालून आतला खर्रा बाहेर काढला. जमिनीवर टाकला. तो मुलगा पाहतच राहिला. समोर दादाचा अर्धा चेहरा होता, त्याला आणखी काही सांगायची गरज नव्हती. त्यानं चूळ भरली, मान खाली घातली आणि वाद्य तोंडाला लावलं. माझं काळीज सुपाएवढं झालं. मला वाटलं, दादानं शेवटी एक काम केलं.

क्लॅरिओनेट चिरकलं. त्यानं पत्ती चाटली, पुन्हा फुंकलं. पुन्हा चिरकलं. पोरं हसली. कुणीतरी शिट्टी मारली. "काय गा, घसा बसला का?" नवऱ्या मुलाचा काका चिडून पुढे आला, "वाजवा न भाऊ, वरात उन्हात उभी आहे!" त्या मुलाला घाम फुटला. तो ना काकाकडे पाहत होता, ना मालकाकडे. तो फक्त दादाकडे पाहत होता.

दादानं त्या हसणाऱ्या पोरांकडे पाहिलं. मग त्यानं दुपट्टा वर ओढला आणि मान हलवली. घे, म्हणून.

मुलानं कोटाच्या खिशातून पुडी काढली. थोड्या वेळात वरात वाजत मांडवात आली. लग्न छान झालं, सगळे म्हणाले.

पाहुणे गेल्यावर मी दादाला मांडवामागे गाठलं. वहिनी नको नको म्हणत होती, पण मला दम निघत नव्हता. "काहून मान हलवली तू? तुले माहीत नाई का त्याचं काय होणार आहे? तुले माहीत नाई तं कोनाले माहीत आहे?"

त्याला बोलायला नेहमीच वेळ लागायचा. दुपट्टा बाजूला करून, गाल हातानं धरून, एकेक शब्द त्यानं जुळवला.

"हासून राह्यले होते न वं त्याले," तो म्हणाला.

मी तिथंच मातीत बसले आणि रडले. तो माझ्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला, मी लहान असताना ठेवायचा तसा नाही, तर चूक केलेल्या माणसासारखा, हलकाच. पुढचा उन्हाळा त्यानं पाहिला नाही. तो मुलगा अजून काही वर्षं त्याच जागेवर वाजवत होता, आणि त्याच्या वराती आमच्या रस्त्यावरून गेल्या की मी दार लावून घ्यायची.